वहीची उजवी बाजू: आवडत्या मार्गदर्शकाकडून बोलणं आणि ऐकणं कसं शिकावं

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक वही होती. आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होत्या, सगळे त्यांना ताई म्हणायचे. चिडलेला माणूस त्यांच्या टेबलापाशी तावातावाने यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांनी शांत होऊन परत जायचा. मला ते जमत नव्हतं. म्हणून ताईंच्या तोंडची चांगली वाक्यं मी वहीत उतरवून घ्यायचे आणि संधी मिळाली की वापरायचे. "तुमची अडचण माझ्या लक्षात आली" हे त्यांचं वाक्य एकदा मी एका संतापलेल्या सहकाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "काय लक्षात आलं, सांगा बरं." मला काही सांगता येईना.

त्या वहीत ताई जे बोलल्या तेवढंच होतं. त्या गप्प बसल्या तेव्हाचं काहीच नव्हतं. आणि माणसं शांत व्हायची ती बहुतेक त्या गप्प असतानाच. हे कळायला मला दीड वर्ष लागलं. ती वही सुरुवातीपासून कशी लिहायला हवी होती, ते इथे पायरीपायरीने सांगते.

१. माणूस निवडा, मग त्याच्यातली एकच गोष्ट निवडा

"काय छान बोलतात!" म्हणून आपण ज्यांच्यावर भाळतो, त्यातले पुष्कळजण व्यासपीठावरचे असतात. व्यासपीठावर बोलणं ही मोठी विद्या आहे, पण ती वेगळी. तिथे समोरचा मध्ये बोलत नाही, रुसत नाही, विषय बदलत नाही. रोजच्या कामात आणि घरात उपयोगी पडतं ते दोघा-तिघांतलं बोलणं. माझी कसोटी साधी आहे. त्या माणसाला भेटून आलेले लोक काय म्हणतात ते ऐका. "काय सुंदर बोलले" असं म्हणत असतील, तर तो वक्ता. "बोलायचं नव्हतं तेही बोलून गेलो" असं म्हणत असतील, तर हा तुमच्या कामाचा माणूस.

दुसरी अट म्हणजे तो माणूस अवघड प्रसंगांत तुम्हाला प्रत्यक्ष दिसायला हवा. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या थोर व्यक्तीपेक्षा शेजारच्या टेबलावरचा बरा सहकारी जास्त शिकवून जातो.

माणूस ठरला की तीन प्रसंग आठवून लिहा, ज्यात त्यांचं वागणं तुम्हाला भावलं. प्रत्येक प्रसंगाखाली एका ओळीत लिहा: त्यानंतर समोरच्याने काय केलं? आवाज खाली आला? खरं कारण सांगितलं? स्वतःच तोडगा सुचवला? "छान बोलतात" हे कौतुक झालं, त्यातून शिकता काही येत नाही. "भांडण सुरू असताना त्या आधी दोघांचं म्हणणं पुन्हा सांगतात" ही मात्र शिकता येण्यासारखी गोष्ट आहे. अशी एकच उचला आणि निदान महिनाभर तिलाच धरून राहा. मी एकदम पाच उचलल्या होत्या. धड एकही हाती लागली नाही.

२. वही कशी भरायची

"तुम्ही हे कसं करता?" असं थेट विचारून का भागत नाही? कारण बहुतेकांना ते सांगताच येत नाही. मायकेल पोलान्यी या शास्त्रज्ञ-तत्त्वज्ञाने १९६६ साली हा मुद्दा मांडला होता, की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. सायकलवर तोल कसा सांभाळता, असं विचारलं तर उत्तम सायकलस्वारही "चालवत गेलं की जमतं" एवढंच सांगेल. ताईंना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, नीट ऐकायचं, बस." उत्तर खरं होतं, पण माझ्या उपयोगाचं नव्हतं.

म्हणून पाहायचं, आणि पाहिलेलं टिकवायचं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये दुसऱ्याला पाहून शिकण्याचे चार टप्पे सांगितले: लक्ष देणं, ते मनात साठवणं, स्वतः करून पाहणं आणि करावंसं वाटणं. आपली गाडी बहुधा दुसऱ्या टप्प्यावर अडते. पाहतो, भारावतो, आणि संध्याकाळपर्यंत फक्त भारावल्याचं आठवतं.

वहीचं पान मधोमध उभं दुमडा. डाव्या बाजूला समोरचा काय म्हणाला ते. उजव्या बाजूला तुमच्या मार्गदर्शकांनी काय केलं ते. खाली दोन ओळींत, मग काय बदललं. लिहायचं ते प्रसंगानंतर, त्याच दिवशी. समोर बसून टिपणं काढलीत तर त्या दोघांचं बोलणंच अवघडून जाईल. शिवाय समोरच्याचं दुखणं हे त्याचं खाजगी दुखणं असतं, त्यामुळे वहीत नावं घालू नका.

उजव्या बाजूला विशेषणं लिहायची नाहीत. "समजूतदारपणे ऐकून घेतलं" ही नोंद कुचकामी आहे, कारण उद्या तुम्ही "समजूतदारपणे" नेमकं काय करणार? "पेन खाली ठेवलं. चार सेकंद थांबल्या. 'मग?' एवढंच म्हणाल्या." ही नोंद चालेल. मी आता मुख्यतः हे टिपते: समोरच्याचं वाक्य संपल्यावर किती वेळाने त्या बोलल्या, पहिल्या प्रश्नाचा पहिला शब्द कोणता, समोरच्याचा कोणता शब्द त्यांनी जसाच्या तसा उचलला, फोन कुठे होता, आणि मी त्या जागी असते तर काय बोलले असते जे त्या बोलल्या नाहीत. हे शेवटचं सगळ्यात बोलकं. माझ्या वहीत तिथे दहापैकी आठ वेळा "सल्ला" असा शब्द आहे.

त्या थांबण्याबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे. जगातल्या १० भाषांमधल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांतली फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग, असं त्यात दिसलं. आता गंमत पाहा. एखादा साधा शब्द मनात येऊन तोंडातून बाहेर पडायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. आपण उद्धट असतो म्हणून असं होत नाही, संवादाची यंत्रणाच तशी आहे. एरवी गप्पांमध्ये ती सुरेख चालते. पण समोरचा काही जड सांगत असतो तेव्हा त्याच्या वाक्याचा शेवट, जिथे बऱ्याचदा खरी गोष्ट असते, आपल्या तयारीत बुडून जातो. चांगला ऐकणारा अशा वेळी मुद्दाम मंदावतो.

मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमधल्या संवादांचं ध्वनिमुद्रण करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तेच जेव्हा तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, न दिलेली उत्तरं कमी झाली आणि मुलं आपण होऊन जास्त प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. समोर माणूस बसवून मोजून पाहा, अंगावर येतात.

३. विचारायचं, पण प्रसंगाबद्दल

नुसतं पाहून आपण जो अर्थ लावतो तो साफ चुकीचाही असू शकतो. एकदा एका वादात ताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि समोरचा आपोआप नरमला. मी वहीत मोठ्या कौतुकाने लिहिलं: "शांततेचा वापर." दोन दिवसांनी त्यांना विचारलं तर हसत म्हणाल्या, "वापर कसला? त्याचं नाव आठवत नव्हतं मला. ते आठवत बसले होते."

म्हणून विचारा. पण "संवाद कसा साधावा?" असं नको, त्याला उत्तर म्हणून सुविचार मिळतात. एक प्रसंग, एक क्षण, आणि दोन-तीन दिवसांच्या आत, तो क्षण त्यांच्या आठवणीत ताजा असेपर्यंत:

"ताई, मंगळवारी ते आवाज चढवून बोलत होते तेव्हा तुम्ही आधी पाणी पुढे केलंत. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?"

"त्यांनी तीन तक्रारी सांगितल्या. तुम्ही दुसरीच का धरलीत?"

"तिथे मी असते तर लगेच माफी मागितली असती. तुम्ही मागितली नाहीत. चुकलं असतं का?"

तिसऱ्या प्रकारचा प्रश्न सगळ्यात फळतो, कारण त्यात तुम्ही तुमचं उत्तर आधी मांडलेलं असतं. त्यांना फक्त फरक दाखवायचा असतो, आणि फरक दाखवणं पद्धत समजावण्यापेक्षा सोपं. माफीबद्दल ताई म्हणाल्या होत्या, "त्याचं अजून सांगून संपलं नव्हतं. इतक्यात माफी मागितली की त्याला वाटतं, आपल्याला गप्प करतायत."

महिन्यातून दोन प्रश्न पुरेत. आदर असला तरी मागे लागलेलं कोणाला आवडत नाही. आणि त्या उत्तर देत असतील तेव्हा तुम्ही मध्ये बोलू नका. सांगायची गरज नाही असं वाटेल, पण मी बोलत होते.

४. ऐकण्याचा सराव

आपल्या परंपरेत ज्ञानाचा क्रम श्रवण, मनन, निदिध्यासन असा सांगितला आहे. आपण श्रवणावरून थेट प्रवचनावर उडी मारतो. तर सराव इथून सुरू करू, आणि घाई न करता.

पहिले दोन आठवडे: मध्ये न बोलणं. एवढंच. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. रुग्ण आपली तक्रार सांगायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते, आणि सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करायला मिळालेले रुग्ण फक्त २३ टक्के भेटींत होते. ज्यांचं कामच ऐकून निदान करणं, त्यांची ही गत. रोज एक संभाषण ठरवून घ्या आणि त्यात समोरच्याचं वाक्य संपल्यावर मनात "एक, दोन" मोजून मगच तोंड उघडा. फक्त एकच संभाषण. दिवसभर असं करायला गेलात तर घरचे विचारतील, बरं नाही का?

एक पथ्य मात्र आहे. गप्प राहणं म्हणजे दगड होणं नव्हे. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, गोष्ट सांगताना ते समोरच्याला हुंकार द्यायला सांगत. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. कॅनडातल्या जॅनेट बॅव्हलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हेच प्रयोगातून दाखवलं. लोकांना त्यांच्यावर ओढवलेला एखादा बाका प्रसंग सांगायला लावला. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक भलतंच काम दिलं होतं, ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द मोजण्याचं. कान होते पण लक्ष गोष्टीत नव्हतं, त्यामुळे योग्य जागी "अरे बापरे" निघत नव्हतं. परिणाम सांगणाऱ्यावर झाला. त्यांना गोष्ट नीट सांगता येईना, विशेषतः शेवट पार फसला. तेव्हा कोणी तुमच्यापाशी अडखळत, लांबण लावत बोलत असेल, तर त्याच्या बोलण्यात दोष शोधण्याआधी आपला हुंकार तपासा. फोनकडे एक डोळा ठेवून दिलेला "हं" समोरच्याला बरोबर ओळखू येतो.

पुढचे दोन-तीन आठवडे: ऐकलेलं परत सांगणं. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये "सक्रिय श्रवण" ही कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हेच आहे. समोरच्याच्या म्हणण्याचा आशय आणि त्यामागची भावना आपल्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवायची आणि बरोबर आहे का ते त्याला ठरवू द्यायचं. समजा, एक सहकारी येऊन म्हणतो:

"कालच्या बैठकीत माझं कोणी ऐकूनच घेतलं नाही."

आपल्या तोंडावर तीन उत्तरं तयार असतात. "जाऊ द्या हो, सगळ्यांचं असंच होतं." हे सांत्वन. "तुम्ही आधीच मुद्दे लिहून पाठवायला हवे होते." हा सल्ला. "माझं तर गेल्या महिन्यात याहून वाईट झालं." ही आपली कहाणी. तिन्हींत त्याचं दार लागतं. त्याऐवजी:

"म्हणजे तुम्ही मुद्दा मांडलात, पण त्यावर चर्चाच झाली नाही?"

"चर्चा झाली हो, चांगली अर्धा तास झाली. पण नाव दुसऱ्याचं झालं."

पाहा, आपला अंदाज चुकला होता. तरीही तो कामी आला, कारण चूक दुरुस्त करताना त्याने खरी गोष्ट सांगितली. म्हणून परत सांगताना सूर प्रश्नाचा ठेवा, निकालाचा नको. "तुम्हाला राग आलाय" असं ठासून सांगितलं की माणूस म्हणतो, "मी कुठे रागावलोय!" आणि मग खरंच रागावतो. आणि त्याचंच वाक्य शब्दशः परत म्हणू नका. ती पोपटपंची झाली, आणि ती चीड आणते. संभाषणात एक-दोनदा, तेही वळणावर. दर वाक्याला नव्हे.

याच आठवड्यांत प्रश्नांकडे लक्ष द्या. चांगला प्रश्न समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातून उगवतो, आपल्या डोक्यातल्या यादीतून नाही. २०१७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की संभाषणात प्रश्न विचारणारी माणसं, त्यातही सांगितलेल्या गोष्टीला धरून पुढचा प्रश्न विचारणारी, समोरच्याला जास्त आवडतात. मराठीत एक सावधगिरी हवी. "का" हा शब्द चटकन जाब विचारल्यासारखा लागतो. "तुम्ही असं का केलंत?" यापेक्षा "तेव्हा नेमकं काय झालं होतं?" किंवा "कशामुळे असं ठरवलंत?" हे सौम्य आहेत. ताईंचे आवडते प्रश्न दोनच होते, "मग?" आणि "अजून काही?" दुसऱ्याचं उत्तर बहुतेकदा पहिल्या तक्रारीहून महत्त्वाचं निघायचं.

५. बोलण्याचा सराव

ही पायरी लोकांना पहिली हवी असते. तिला मी मुद्दाम पाचवी ठेवली आहे, आणि इथे थोडक्यात आवरते.

बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी लिहायला शिकण्यासाठी एक युक्ती केली होती. आवडलेल्या निबंधातल्या प्रत्येक वाक्याचा आशय तो त्रोटक टिपून ठेवायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग तेवढ्यावरून निबंध स्वतः लिहायचा आणि मूळ निबंधाशी ताडून पाहायचा. बोलण्यालाही ही युक्ती लागू पडते. तुमच्या मार्गदर्शकांनी एखादी अवघड गोष्ट समजावून सांगितली की फक्त मुद्दे टिपा. चार दिवसांनी तीच गोष्ट मोठ्याने स्वतः सांगा आणि त्यांनी काय आधी घेतलं, काय गाळलं, उदाहरण कुठे दिलं, ते आठवून ताडा. मला या ताडण्यातून कळलं, की मी नमनालाच घडाभर तेल घालते. "त्याचं काय आहे ना, मुळात गेल्या महिन्यात" अशी सुरुवात करून मुद्द्यावर यायला मला दोन मिनिटं लागायची. ताई आधी निर्णय सांगायच्या, मग कारण: "या आठवड्यात हे होणार नाही. कारण सांगते." नकार ऐकणाऱ्याला यात कमी त्रास होतो, ताटकळत तर राहावं लागत नाही.

फ्रँकलिनचीच आणखी एक सवय घेण्यासारखी आहे. "निश्चितच", "निःसंशय" असे शब्द त्याने बोलण्यातून ठरवून काढून टाकले आणि "मला असं वाटतं", "सध्या तरी असं दिसतं" अशी भाषा धरली. महिनाभर करून पाहा, वाद निम्म्यावरच विझतात. फक्त जिथे खरोखर खात्री आहे तिथे हे नको. अपघाताचा धोका दिसत असताना "मला असं वाटतं" म्हणत बसणं धोक्याचं.

बोलून झाल्यावर "समजलं ना?" विचारू नका. त्याला उत्तर "हो" हेच असतं, समजलेलं असो वा नसो. आरोग्यसेवेत रुग्णाला सूचना दिल्यावर त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावण्याची पद्धत आहे, ती उचला. मात्र भार आपल्यावर घ्या: "मी नीट सांगितलं की नाही ते बघते. आता तुम्ही पहिल्यांदा काय कराल?"

आणि देहबोलीबद्दल एक बारीकशी तक्रार. "संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के" हे वाक्य प्रशिक्षणांमध्ये तुमच्याही कानावर आलं असेल. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधून हे आकडे आले. ते प्रयोग शब्द आणि सूर किंवा चेहरा यांचा मेळ नसताना लोक भावना कशावरून ओळखतात, एवढ्यापुरते होते. खुद्द मेहराबियन यांनी सांगितलंय की ते सरसकट संवादाला लावायचे नाहीत. तेव्हा हातवारे सुधारण्यात सहा महिने घालवू नका.

६. काय उचलायचं नाही

ताई गप्प राहिल्या की सगळे थांबायचे. मी गप्प राहिले की सगळे पुढे निघून जायचे. हा फरक माझ्या लक्षात यायला बरेच अपमान व्हावे लागले. मार्गदर्शकाच्या बोलण्यामागे त्यांचं वय, पद आणि वर्षानुवर्षांची पत उभी असते. ती वाक्याबरोबर उसनी मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट उचलताना विचारा, हे माझ्या जागेवरून कसं दिसेल? धाकट्याने थांबायचं असेल तर ते सांगून थांबावं: "एक मिनिट, तुमचं म्हणणं नीट डोक्यात घेते आणि मग बोलते." एवढं म्हटलं की तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ लोकांना लागतो. तसंच, त्या सगळ्यांना नावाने हाक मारत, खांद्यावर हात ठेवत, चेष्टा करत. तो त्यांचा अधिकार. माझ्याकडून ती सलगी आगाऊपणा ठरली असती.

त्यांचे दोषही असतातच. ताई लिहिण्यात भयंकर होत्या, त्यांच्या एका ओळीच्या संदेशांनी माणसं दुखावायची. आवडत्या माणसाचे दोष गुणांना चिकटून कधी आपल्यात येतात ते कळत नाही. वर्षभर मीही एक ओळीचे संदेश पाठवत होते, वर त्याला नेमकेपणा म्हणत होते.

७. आपलंच ऐकून पाहा

"मी कशी बोलले?" असं विचारलं की "छान" असं उत्तर येतं. त्यापेक्षा आधीच, एकच आणि मोजता येईल असं काम मार्गदर्शकांना सोपवा: "आजच्या चर्चेत मी किती वेळा मध्ये बोलते तेवढंच पाहाल का?" नंतर त्या जे सांगतील त्यावर खुलासा करायचा नाही. "हो, पण तो विषयच भरकटला होता ना" हे वाक्य गिळा, घरी जाऊन वहीत लिहा. खुलासा केलात की पुढच्या वेळी त्या खरं सांगणार नाहीत, छान म्हणतील.

शक्य असेल आणि सगळ्यांची परवानगी असेल, तर एखादं संभाषण ध्वनिमुद्रित करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण दहा मिनिटं सोसा. तीन गोष्टी मोजा: एकूण वेळात तुम्ही किती वेळ बोललात, किती वेळा मध्ये बोललात, आणि प्रश्न विचारल्यावर किती थांबलात. माझं तिसरं खातं पार रिकामं निघालं. मी प्रश्न विचारत होते आणि उत्तरही मीच देत होते. "तुम्हाला काय वाटतं? म्हणजे कामाचा ताण जास्त होतोय, असंच ना?" हे ऐकून मी तो दिवस फुकट घालवला, पण तिथून पुढचे दोन महिने काय करायचं ते आपोआप ठरलं.

८. असा माणूस जवळ नसेल तर

एकलव्याचा मार्ग आहेच, आणि आज तर मूर्तीपेक्षा बरी सोय आहे. तुम्हाला आवडणाऱ्या मुलाखतकाराच्या दीर्घ, न कापलेल्या मुलाखती निवडा. पाहुण्याचं उत्तर संपलं की थांबवा, तुम्ही पुढचा प्रश्न काय विचारला असता ते लिहा, मग पुढे ऐका. एका मुलाखतीत असे दहा थांबे पुरेत. काटछाट केलेल्या कार्यक्रमातून मात्र थांबण्याबद्दल काही शिकता येत नाही. शांतता तिथे आधीच कापलेली असते.

याने प्रश्न सुधारतात. पण मूर्ती तुमची चूक दाखवत नाही, त्यासाठी एक मित्र गाठा. त्याला आठवड्यातून एकदा पाच मिनिटं काहीही बोलू द्या, तुम्ही ऐका, मग त्याचं म्हणणं परत सांगा, आणि त्याने दहापैकी गुण द्यावेत. नंतर अदलाबदल. माझे पहिले गुण होते चार.

९. आभार

हेही शिकण्यातलंच काम आहे, म्हणून शेवटी सांगते. "तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं" हे वाक्य निरोपसमारंभात सगळेच म्हणतात. त्याऐवजी प्रसंग सांगा: काय पाहिलंत, ते कुठे वापरलंत, काय झालं. मार्गदर्शकाला आपलं काय उपयोगी पडलं हे त्यातूनच कळतं, आणि पुढच्या माणसाला ते अधिक देऊ शकतात.

ताई निवृत्त होत होत्या त्या आठवड्यात मी वही घेऊन गेले. नव्या वहीतलं एक पान वाचून दाखवलं: कुठल्याशा संध्याकाळी एकजण राजीनामा द्यायला आला होता आणि त्यांनी फक्त "अजून काही?" एवढं विचारलं होतं. म्हटलं, मागच्या महिन्यात माझ्याकडेही एकजण असाच आला, मी तेच विचारलं आणि तो तासभर बोलला.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्याकडे आलेला तो कोण, मला मुळीच आठवत नाही," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तुझ्याकडे आलेला काय म्हणाला, ते सांग."